पोटोबाची दुसरी उशी

१

मालिकेच्या ताज्या भागाच्या मध्यावर गुप्तहेरपटांची टर उडवली जायची होती. त्या ठिकाणी पोटोबा न्हाणीघरातून हात पुसत बाहेर आला, पलंगाच्या कडेला बसला आणि शेजारच्या उशीचा अभ्रा बदलू लागला. संवाद नव्हता, संगीत नव्हते. त्याने जुना अभ्रा उतरवून त्याची घडी घातली, नवा चढवला, कोपरे ओढून सारखे केले, तळव्याने उशी थोपटली आणि पलंगाच्या रिकाम्या बाजूला जिथल्या तिथे ठेवली. मग एक उसासा सोडून तो तिच्याकडे पाठ करून आडवा झाला. पुढच्याच क्षणी त्याची सासू नेहमीप्रमाणे गच्चीवरून खाली कोसळली आणि मालिका काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालू लागली.

‘वरचा मजला रिकामा’ ही प्रौढ प्रेक्षकांसाठी काढलेली ॲनिमेटेड विनोदी मालिका होती. तिच्यात पवित्र असे काही नव्हते. भयपट, रडक्या कौटुंबिक मालिका, गायनाच्या स्पर्धा, राजकीय चर्चेचे आरडाओरड्याचे कार्यक्रम अशा सगळ्यांची सालटी तिथे काढली जात. प्रत्येक भागात एक मोठे विडंबन असायचेच आणि ते कशाचे आहे हे ओळखण्यात प्रेक्षकांना स्वतःच्या हुशारीचा आनंद मिळे. या वेळी मात्र कुणालाच काही ओळखू आले नाही. शिवाय पोटोबाची बायको मालिकेत चांगली धडधाकट आणि तोंडाळ होती. पलंगाची ती बाजू रिकामी असण्याचे काहीच कारण नव्हते. वाहिनीकडे फोन आले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: “कोण गेलं?”

वाहिनीच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत कळवले की मंजुरीसाठी भाग दाखवला त्या खेळात हा प्रसंग नव्हता. म्हणजे मंजुरीनंतर कुणीतरी तो घुसडला. अखेरची प्रत ज्या हातातून बाहेर पडली तो हात संकलक बाईंचा. त्यांचा करार याच आठवड्यात संपत होता. संध्याकाळपर्यंत दुसरे नाव किंवा पटणारा खुलासा मिळाला नाही, तर तो पुढे चालू राहणार नव्हता.

हे सगळे निर्मात्या मॅडमनी विडंबनांची मुळे आणि परवानग्या तपासणाऱ्या संदर्भताईंना उभ्याउभ्याच सांगितले. संदर्भताई त्याच सकाळी रजेवरून परतल्या होत्या. रजा पतीच्या निधनाची होती. त्यामुळे मॅडमनी बोलताना आवाज खाली आणला होता आणि त्या ताईंच्या चेहऱ्याऐवजी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत होत्या.

“तुम्हाला आल्याआल्या कामाला जुंपणं बरं दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण हे कशावरून उचललंय ते कळलं, तर कुणी उचललं तेही कळेल. आणि ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?”

“बघते,” संदर्भताई म्हणाल्या. आपल्याला वाईट वाटायला हवे, उत्सुकता वाटायला हवी, हे त्यांना समजत होते. वाटत काहीच नव्हते. भूल दिलेल्या हिरडीवर जीभ फिरवावी तसे त्या स्वतःच्या मनावरून फिरून आल्या, आणि पिशवी खाली ठेवून त्यांनी तो प्रसंग लावला.

एकदा पाहिला. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी चित्र थांबवले. विडंबन कशाचे आहे हे शोधणे हे त्यांचे कामच होते, आणि आजवर त्यांना मूळ सापडले नाही असे झाले नव्हते. या प्रसंगाला मात्र कुठलेही मूळ दिसत नव्हते.

२

संकलक बाईंना सगळे ‘कात्री’ म्हणत. त्यांच्या खोलीत दोन पडदे, एक पंखा आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेली शाल होती. घरात सासरे अंथरुणावर, नवऱ्याचा पगार बंद. हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नसले तरी स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होते.

“मी एकच गोष्ट सांगतेय आणि ती कुणी ऐकत नाहीये,” कात्री म्हणाल्या. “मंजुरीला जी प्रत दाखवली तीच मी पाठवली. बोट लावलं नाही तिला.”

“मग मंजुरीची प्रत दाखवा, विषय संपला.”

“ताई, तुम्हीसुद्धा? ती पुसलीय. त्याच दिवशी. बाहेर फुटू नये म्हणून पुसायची, हा इथला नियम आहे. मी नियम पाळला आणि त्यातच अडकले. नसता पाळला तर बरं झालं असतं.”

“चित्रकारांच्या खोलीतून प्रसंग कुणी पाठवला?”

“तिथून सगळं एकाच ठिकाणी येऊन पडतं. कुणी काढलं, कुणी रंगवलं ते मला कसं कळणार? गुप्तहेरवाला प्रसंग आलाच नाही, हा आला. मी जोडला.”

“विचारलं नाहीत?”

कात्रींनी शाल उगाचच सारखी केली. “इथे रोज काही ना काही बदलतं. आणि मंजुरीच्या खेळाला सगळे हसले. मॅडम हसल्या, पंडित हसले, वाहिनीचे साहेब तर मांडीवर थाप मारून हसले. मग मी कोण विचारणारी?”

“तुम्ही हसलात?”

“मी कशाला हसेन? मी पडद्याकडे बघत नसते. मी सांधे बघते.”

संदर्भताई दाराशी थांबल्या. मॅडम, पंडित आणि साहेब या तिघांनीही सकाळी एकच सांगितले होते: हा प्रसंग आम्ही प्रक्षेपणाच्या वेळी पहिल्यांदा पाहिला. तीन जबाबदार माणसे एका बाजूला आणि करार संपत आलेली बाई दुसऱ्या बाजूला. दोन्हींपैकी एक बाजू खोटे बोलत होती.

३

मुख्य लेखकांचे ‘पंडित’ हे नाव टोमण्यातून पडले होते, पण त्यांनी ते बिरुद म्हणून स्वीकारले होते. त्यांच्या खोलीत भिंतभर चित्रपटांच्या तबकड्या होत्या. त्यांतल्या कितीतरींवरचे वेष्टण अजून फाडलेले नव्हते.

“मंजुरीला काय दाखवलं होतं?” संदर्भताईंनी विचारले.

“गुप्तहेर. माझाच प्रसंग. पोटोबा छतातून दोरीला लटकत खाली येतो, पोटाचा अंदाज चुकतो, खलनायकाच्या माशांच्या पेटीत बसतो. हशा.”

“शेवट कसा होता?”

“शेवटी पिंजऱ्यातला पोपट त्या सिनेमाची धून शिट्टीवर वाजवतो. मोठा हशा.”

“तुम्ही ऐकलीत ती धून? खेळात?”

“ऐकली म्हणजे काय, ताई. अजून कानात आहे.”

संदर्भताईंनी मान हलवली आणि बाहेर पडल्या. ती धून वापरायला परवानगी मिळणार नाही म्हणून पोपटाचा विनोद त्यांनी स्वतः रजेवर जाण्यापूर्वी काढून टाकला होता. तो चितारला जाणेच शक्य नव्हते. पंडितांना आठवत होते ते त्यांचे लिखाण. पडद्यावर काय पाहिले ते नव्हे.

मॅडम फोनवर होत्या. त्यांनी हाताने खुर्ची दाखवली आणि फोन छातीशी धरला.

“मंजुरीला त्या प्रसंगाला सगळे हसले म्हणे,” संदर्भताई म्हणाल्या. “आधी कोण हसलं?”

“पंडित. तो नेहमीच आधी हसतो. स्वतःच्या विनोदाला.”

संदर्भताई पुन्हा पंडितांच्या दारात गेल्या. “एक राहिलं. आधी कोण हसलं होतं?”

“मॅडम,” पंडित क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. “मी त्यांच्यामागून हसलो. माणूस आहे शेवटी. पगार तिथून येतो.”

हसू आधी कुणाचे, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर दोघे एकमेकांकडे बोट का दाखवत होते? विनोदाच्या कारखान्यात सर्वांत आधी हसल्याचे श्रेय नाकारणारी माणसे त्यांनी यापूर्वी पाहिली नव्हती.

४

पोटोबाला आवाज देणारे नट दुपारी आले. गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याची बाटली. सगळे त्यांना काका म्हणत. नाटकाच्या दौऱ्यावरून ते थेट स्टुडिओत पोचले होते आणि झाल्या प्रकाराची त्यांना गंधवार्ता नव्हती.

“हं, हा,” पडद्यावरचा प्रसंग पाहून ते म्हणाले. “उसासा माझा आहे. आयुष्यभर संवाद म्हटले, पण या एका उसाशाने घाम काढला. आपला चित्रकार, आरसा, काचेच्या पलीकडे उभा. म्हणतो, काका, हा रडका होतोय. म्हणतो, हा थकलेला होतोय. शेवटी मीच वैतागून म्हटलं, अरे बाबा, तुला हवाय तरी कसला?”

“काय म्हणाला तो?”

“म्हणाला, भांडी घासून झाल्यावर माणूस सोडतो ना, तसा. दुःख नको. काम झालं, एवढंच.” काकांनी बाटलीतल्या पाण्याचा घोट घेतला. “मी म्हटलं, विनोदी मालिका आहे ना रे ही? तर गप्प बसला. घुम्याच आहे तो.”

“काका, हे तुम्ही कधी केलंत?”

“दौऱ्याला निघायच्या दिवशी. गाडी खाली उभी होती आणि मी वर उसासे टाकतोय.”

“मंजुरीचा खेळ त्यानंतर झाला.”

“असेल. मी नव्हतो. आज परततोय.”

संदर्भताईंनी त्यांचे आभार मानले. काका उठताना थबकले. आपण काहीतरी सांत्वनाचे बोलायला हवे हे त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी ताईंच्या डोक्यावर हलकेच हात ठेवला आणि ते निघून गेले.

उसासा मंजुरीपूर्वीचा होता. प्रसंग आरशाच्या हातचा दिसत होता, पण त्याला विचारण्याआधी कात्रींवरचा आळ उतरायला हवा होता. दुपार कलायला लागली होती. संदर्भताईंनी मॅडमना निरोप पाठवला: मंजुरीचा खेळ झाला त्या खोलीत सगळ्यांना बोलवा, आणि साहेबांना फोनवर घ्या.

५

पडद्यासमोरच्या खुर्च्यांवर मॅडम, पंडित आणि कात्री बसले होते. काका मागे उभे होते. त्यांच्या बाजूला, भिंतीला टेकून, ‘आरसा’ म्हणून ओळखला जाणारा ज्येष्ठ चित्रकार होता. मेजावर लहान आरसा ठेवून तो प्रत्येक हावभाव आधी स्वतःच्या तोंडावर करून बघे, म्हणून त्याला ते नाव पडले होते. फोन मेजावर होता आणि त्यातून साहेबांचा श्वास ऐकू येत होता.

“प्रसंग कुणीही बदललेला नाही,” संदर्भताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बातम्या वाचल्यासारखा सपाट होता. “तो मंजुरीच्या खेळातच होता. काकांनी त्याचा आवाज खेळाच्या आधी दिलाय आणि नंतर ते इथे नव्हतेच. म्हणजे प्रसंग तेव्हा तयार होता. गुप्तहेराचा प्रसंग मात्र तयारच नव्हता. तो पाहिल्याचं पंडित सांगतात, पण त्यांना आठवतो तो पोपट मीच काढून टाकला होता.”

पंडितांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला.

“तेव्हा कात्री बाई सकाळपासून सांगतायत तेच खरं आहे. प्रश्न फक्त एवढाच राहतो, की जे सगळ्यांनी पाहिलं ते कुणालाच पाहिल्याचं का आठवत नाही.” त्या थांबल्या. “पंडित, तो प्रसंग लागला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“मला वाटलं,” पंडित चष्मा परत लावत म्हणाले, “मॅडमनी माझा प्रसंग न सांगता बदलला. यापूर्वीही बदललेत. आणि वाटलं, हे कुठल्यातरी मोठ्या सिनेमावर आहे. तो मी पाहिलेला नाही. आता मीच विचारायचं, की हे कशावर आहे? लोक मला पंडित म्हणतात, ताई.”

“म्हणून हसलात.”

“मॅडम हसल्या म्हणून हसलो.”

“मी?” मॅडम म्हणाल्या. “मला वाटलं, तू बदललायस. तू काहीतरी भारी पकडलंयस आणि मलाच कळत नाहीये. तू श्वास आत घेतलास, मला वाटलं आता हसणार, म्हणून…” त्यांनी फोनकडे पाहिले. मग म्हणाल्या, “आणि प्रक्षेपणानंतर लोकांनी विचारायला सुरुवात केल्यावर काय सांगणार होते? मला कळलं नव्हतं, पण मी हसले होते?”

“साहेब?” संदर्भताईंनी फोनकडे वाकून विचारले.

फोन खाकरला. कात्री मान वर न करता म्हणाल्या, “साहेब खेळ संपल्यावर म्हणाले होते की हा सिनेमा त्यांच्या चित्रपट मंडळात दाखवला होता. मूळ जास्त संथ आहे, असंही म्हणाले होते.”

काकांना हसू फुटले आणि त्यांनी ते मफलरमध्ये दाबले. बाकी कुणी हसले नाही. न कळलेला संदर्भ कबूल करण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट या इमारतीत दुसरी नव्हती. त्या लाजेपायी तीन मोठ्या माणसांनी एका बाईची नोकरी पणाला लावली होती, आणि तिघांनाही ते बहुधा आत्ता, या क्षणी, समजत होते.

“ठीक आहे,” फोनमधून आवाज आला. तो आता पुष्कळ मवाळ झाला होता. “बदलला नाही, मान्य. पण आमच्या विधी विभागाला मूळ लागतं. उद्या कुणी हक्क सांगत आलं तर? परवानगी नसलेला प्रसंग कुणी जोडला, हा प्रश्न राहतोच. आणि जोडला बाईंनीच. मूळ आणि परवानगी, दोन्ही संध्याकाळच्या आत द्या. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत.”

कात्रींनी शालीचे टोक बोटाभोवती गुंडाळले. आरसा भिंतीपासून सुटा झाला आणि म्हणाला, “प्रसंग मी काढलाय.”

मग त्याने संदर्भताईंकडे पाहिले. “मूळ कुठलं ते तुम्हाला एकटीला सांगतो.”

६

चित्रकारांच्या खोलीत बाकीची मेजे रिकामी होती. आरशाने ताईंना आपली खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर टेकला.

“गुप्तहेरातलं जे जे उचलावं, ते कुणाच्या तरी हक्काचं निघत होतं,” तो म्हणाला. “तुम्ही रजेवर. तारीख थांबायला तयार नाही. मॅडमना म्हटलं, तिथे दुसरं टाकतो. त्या फोनवर होत्या, मान हलवली. मी ठरवलं, कुणाच्याच सिनेमातलं नसलेलं काहीतरी काढू.”

“सकाळीच का नाही सांगितलंत? कात्रींचं नाव पुढे आलं होतं.”

“त्यांचं नाव पुढे आलंय आणि तुम्ही परत आलायत, हे मला एकदमच कळलं. प्रसंग माझा म्हटलं, तर मूळ कुठलं हेही तुम्हाला सांगावं लागणार होतं. संध्याकाळच्या आत बोललो असतो. पण चुकलंच माझं. त्यांना दिवसभर टांगून ठेवलं.”

संदर्भताईंनी मेजावरचा लहान आरसा हातात घेतला, त्यात न पाहता खाली ठेवला. “तुमचा पोटोबा काहीही करताना डावी भुवई उचलतो. कारण तुम्ही उचलता. या प्रसंगात भुवई जागची हललेली नाही. हात, मान, सगळं दुसऱ्याच कुणाचं आहे. हे तुम्ही आरशात करून काढलेलं नाही. कुणाला तरी बघून काढलंय.”

“हो.”

“कुणाला?”

आरशाने खिडकीची कडी उघडली, पुन्हा लावली. “ताई, मी तुमच्याकडे भेटायला आलो होतो. तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी बाहेर बसवलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मी नजर वळवायला हवी होती. नाही वळवली.”

तो भेटायला आल्याचे संदर्भताईंना पुसट आठवत होते. कुणीतरी फळे आणली होती, कुणीतरी पाणी दिले होते. आतल्या खोलीतले काही आठवत नव्हते. पोटोबाचे जाड, पिवळे हात त्यांनी सकाळपासून कितीदा तरी पाहिले होते. कोपरे ओढणारी बोटे, थोपटणारा तळवा. कुठला दिग्दर्शक, कुठला देश, कुठले दशक, असे शोधत त्या हिंडल्या होत्या.

“मी असं करते?” त्यांनी विचारले.

“त्या दिवशी केलंत. रोजचं मला काय ठाऊक.”

“मी करते,” त्या जरा वेळाने म्हणाल्या. “आठवड्याला सगळे अभ्रे बदलते ना, त्यात यांच्या उशीचाही बदलते. मळलेला नसतो. लक्षातच आलं नाही.”

“मला माफ करा. मी तुमची टर नव्हती उडवली.”

“माहीत आहे. टर असती तर कुणीतरी ओळखली असती.” त्यांनी हात पुढे केला. “फोन द्या तुमचा. माझा पिशवीत राहिलाय.”

साहेबांनी लगेच उचलला.

“मूळ मिळालं,” संदर्भताई म्हणाल्या. “सिनेमा नाही. मालिका नाही. एका घरातलं आहे.”

“कुणाच्या घरातलं?”

“माझ्या. हक्क माझा आहे. परवानगी देतेय. हवं तसं लिहून देते.”

मग साहेब म्हणाले, “ताई, मला कल्पना नव्हती.” आणि आणखी काही सुचेना तेव्हा म्हणाले, “बाईंचा करार आजच पाठवतो.”

“पाठवा,” त्या म्हणाल्या, आणि फोन आरशाला परत दिला.

७

कात्रींच्या खोलीत दिवा लागला होता. कुणीतरी त्यांना बातमी दिली होती. डोळे लाल होते, पण हात कामावर होते. मूळ कुठले हेही कळले असावे. संदर्भताईंना पाहून त्या उठल्या, आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली.

“पुनःप्रक्षेपणाची प्रत करतेय,” त्या म्हणाल्या. “मॅडम म्हणाल्या, तुम्हालाच विचार. ठेवायचा की काढू? तुम्ही म्हणाल तसं. कारण कुणाला सांगावं लागणार नाही.”

“लावा एकदा.”

पोटोबा हात पुसत आला. अभ्रा उतरला, घडी झाली, नवा चढला. संदर्भताई पुढे झुकून, कोणतेही विडंबन तपासताना पाहत तसे, पाहत होत्या. उशी जागेवर गेली. उसासा आला. पोटोबा कुशीवर वळला.

“इथे थांबवा.”

चित्र थांबले.

“हे चुकलंय,” त्या म्हणाल्या. “तो उशीकडे पाठ करतो. मुळात तोंड तिच्याच बाजूला असतं.”

“आरशाला सांगून बदलून घेऊ?” कात्रींनी हळूच विचारले. “एका कुशीचंच काम आहे. तो लगेच करून देईल.”

संदर्भताईंनी पडद्यावरच्या त्या रुंद, पिवळ्या पाठीकडे पाहिले.

“नको,” त्या म्हणाल्या. “एवढा फरक राहू दे. सगळं जसंच्या तसं घेतलं तर ती चोरी होते.”